सहायक प्रशिक्षकाला मुख्य प्रशिक्षक करताना

कॉलेजच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक निवृत्त होतात, पुण्याला चांगली संधी मिळाली म्हणून जातात, किंवा संस्था त्यांची दुसऱ्या गावी बदली करते. मग ऐन जूनमध्ये, प्रवेशाच्या गर्दीत, जिमखान्यापुढे प्रश्न येतो: संघ कोणाच्या हाती द्यायचा? बहुतेक वेळा सगळ्यांची नजर सहायक सरांकडे वळते. इतकी वर्षं तेच तर पहाटे मैदान उघडतात, कोन मांडतात, मुलांची हजेरी घेतात.

इथपर्यंत सोपं असतं. गोंधळ पुढे होतो. अहिल्यानगर शहरातून, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावकडून प्राचार्य, जिमखाना प्रमुख आणि स्वतः सहायक प्रशिक्षकही तेच तेच प्रश्न विचारतात. जाहिरात द्यावी लागते का? एमपीएड नसलेल्याला नेमता येतं का? मुख्य प्रशिक्षक झालं की नोकरी कायम होते का? मानधन कोणत्या खात्यातून द्यायचं?

माझं मत आधीच सांगतो. घरच्या सहायकाला वर आणणं बहुतेक वेळा योग्यच असतं. त्याला मुलं माहीत असतात, मैदान माहीत असतं, कोणाचा गुडघा दुखावलेला आहे आणि कोण शेतीच्या कामामुळे ऑक्टोबरात गैरहजर राहणार आहे हेही माहीत असतं. तरीही अशा नेमणुका वर्षभरात फिसकटतात. नेमणुकीच्या वेळी संघ कोण निवडणार, पैसे कोण देणार आणि मुदत किती, हे तीन विषय कोणी काढलेलेच नसतात. ते पहिल्या सरावाआधी कागदावर आणा. या लेखातलं बाकी सगळं त्यासाठीच आहे.

आधी पद ओळखा

अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात खेळासाठी मंजूर पद असतं ते शारीरिक शिक्षण संचालकाचं. त्याची पात्रता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत दिलेली आहे: शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाशास्त्रात किमान 55 टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट अथवा पीएचडी, खेळातल्या सहभागाची नोंद आणि शारीरिक क्षमता चाचणी. त्या पदाला जाहिरात लागते, रीतसर निवड समिती लागते, विद्यापीठाची मान्यता लागते.

फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक हे पद या चौकटीत बसत नाही. ती महाविद्यालयाने स्वतःच्या गरजेसाठी केलेली व्यवस्था असते, बहुधा मानधनावर आणि ठरावीक मुदतीसाठी. यातून बऱ्याच शंका मिटतात. मुख्य प्रशिक्षक नेमताना तुम्ही संचालक नेमत नसता, म्हणून एमपीएड आणि सेटची अट इथे आपोआप लागू होत नाही. त्याच कारणाने मुख्य प्रशिक्षक झालेली व्यक्ती संचालक होत नाही, कायम होत नाही आणि तिला त्या पदाची वेतनश्रेणी मिळत नाही. हे सहायकाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. पुढे कधीतरी बघू, असं मोघम आश्वासन देऊन माणसाला कमी पैशात राबवून घेणं मला अन्यायाचं वाटतं. तसं घडताना मी पाहिलं आहे.

संघाच्या प्रवेशिका, पात्रतेचे फॉर्म आणि विद्यापीठाशी पत्रव्यवहार संचालकांच्या आणि प्राचार्यांच्या सहीने चालतो. म्हणून मुख्य प्रशिक्षक कितीही नामवंत असला तरी संचालकांशी त्याचं जुळणं ही पहिली गरज आहे. संचालकांना न विचारता केलेली बढती टिकत नाही.

तुमचा सहायक नेमका कोण आहे?

उत्तरानुसार पुढची वाट बदलते.

- बाहेरून मानधनावर येणारा प्रशिक्षक. सर्वात सरळ प्रकार. जुनी नेमणूक संपवा आणि नव्या पदाचं नवं पत्र द्या. जुन्याच पत्रावर ‘मुख्य’ शब्द वाढवू नका.
- तुमच्याच महाविद्यालयातला दुसऱ्या विषयाचा प्राध्यापक. त्यांच्या तासिकांचा भार, सरावाची वेळ आणि स्पर्धेसाठीची कर्तव्यरजा प्राचार्यांनी लेखी मान्य केली पाहिजे. नाहीतर संघ नाशिकला आणि विभागप्रमुख तक्रार घेऊन कार्यालयात, असं होतं.
- लष्करातला किंवा लष्करातून निवृत्त झालेला खेळाडू. आपल्या शहरात आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि मेकनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटर असल्यामुळे असे जाणते लोक इथे भेटतात. सेवेत असलेल्याला त्याच्या युनिटची परवानगी लागते, तिची प्रत फाइलला ठेवा. निवृत्तांच्या बाबतीत ही अडचण नाही.
- माजी विद्यार्थी, किंवा अजून पदव्युत्तर वर्गात शिकणारा खेळाडू. तो अजून संघातून खेळत असेल तर त्याला मुख्य प्रशिक्षक करू नका. स्वतःची जागा स्वतःच ठरवण्याची वेळ कोणावरही आणू नये.

कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच आवारात असलं तरी त्यांच्या स्पर्धा वेगळ्या आहेत. अकरावी-बारावीची मुलं जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या 19 वर्षांखालील शालेय स्पर्धेत उतरतात. पदवीची मुलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतात. तिथून विभागाचा संघ, मग आंतरविभागीय स्पर्धा, मग विद्यापीठाचा संघ आणि पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी चढण आहे. नव्या मुख्य प्रशिक्षकाकडे एक संघ आहे की दोन्ही, हे आधीच ठरवा. दोन्ही द्यायचे असतील तर मानधनही त्या हिशेबाने द्या.

चांगला सहायक चांगला मुख्य होईल का?

निर्णयाचा गाभा हाच आहे, आणि याच्यावर सर्वात कमी विचार होतो.

सहायकाचं काम मुलांच्या जवळ राहण्याचं असतं. रागावून आलेल्या मुलाची समजूत तो काढतो, म्हणून मुलं त्याला ‘दादा’ म्हणतात. मुख्य प्रशिक्षकाला त्याच मुलाला अंतिम सामन्यात बाकावर बसवावं लागतं. काहींना ते जमतं, काहींना नाही, आणि सेवाज्येष्ठतेवरून ते कळत नाही.

खालिद जमील यांचं उदाहरण पाहा. जानेवारी 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने इंडियन सुपर लीगच्या ऐन मोसमात मुख्य प्रशिक्षकाला दूर केलं आणि सहायक असलेल्या जमील यांच्याकडे संघ सोपवला. उरलेल्या साखळी सामन्यांत संघ एकदाही हरला नाही आणि बाद फेरीत पोहोचला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना कायमचं मुख्य प्रशिक्षकपद मिळालं, या लीगमध्ये असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ऑगस्ट 2025 मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. ही गोष्ट सांगताना लोक एक भाग विसरतात. सहायक म्हणून बसण्याआधी जमील यांनी मुंबई एफसी वर्षानुवर्षं सांभाळली होती आणि 2016-17 मध्ये ऐजॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली होती. अंतिम निर्णय घेण्याची सवय त्यांना आधीपासून होती.

उलट बाजूला लिव्हरपूलचे बॉब पेस्ली आहेत. बिल शँक्ली यांच्या हाताखाली ते वर्षानुवर्षं राहिले, 1974 मध्ये अनिच्छेनेच वर आले आणि 1977, 1978 व 1981 मध्ये युरोपियन कप जिंकला. म्हणजे आधी मुख्यपद सांभाळलेलं असलंच पाहिजे असं नाही. तेव्हा तुमच्या सहायकाने निर्णय कुठे आणि कसे घेतले, ते शोधा:

- मुख्य सर रजेवर असताना संघ त्यांनी निवडला होता का? कोणाला वगळलं आणि त्या मुलाला ते कोणी सांगितलं?
- मध्यंतरात दोन गोलांनी मागे असताना त्यांनी काय बदललं?
- स्वतःचा म्हणून एखादा छोटा संघ, शाळेचा किंवा क्लबचा, त्यांनी मोसमभर चालवला आहे का?
- प्रवासाचा हिशेब, मुलांच्या परीक्षा, पालकांचे फोन हे त्यांनी कधी हाताळलं आहे का?

मुलाखतीत खेळाचं तत्त्वज्ञान विचारू नका. त्यांना वही घेऊन बसवा आणि पहिल्या सत्राचा आठवडावार आराखडा लिहायला सांगा: पावसात मैदान बंद असेल तेव्हा काय, गोलरक्षकाचा वेगळा सराव कधी, घटक चाचण्यांच्या आठवड्यात किती. अर्ध्या तासात तुम्हाला माणूस कळेल. मग जिमखाना समितीसमोर त्यांच्याकडून एक सराव घ्या आणि त्यात दोन गटांत मुलं निवडायला लावा.

खेळाडूंशीही बोला, पण मतदान घेऊ नका. मुलं प्रेमळ माणसाला मत देतात. कर्णधाराला आणि शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना स्वतंत्रपणे विचारा की हे सर रागावले तर ऐकता का.

लायसन्स किती महत्त्वाचं?

फुटबॉल प्रशिक्षणाची शिडी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमांपासून, म्हणजे प्रामुख्याने डी लायसन्सपासून सुरू होते. पुढे आशियाई महासंघाच्या सी, बी, ए आणि प्रो अशा पायऱ्या आहेत. आपल्या राज्यात हे अभ्यासक्रम वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या, म्हणजे विफाच्या, माध्यमातून होतात. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका ही वेगळी आणि मानाची वाट आहे.

महाविद्यालयीन संघासाठी डी लायसन्स ही किमान अपेक्षा धरा. ते नसेल आणि माणूस चांगला असेल तर नेमणूक रोखू नका. वर्षभरात ते मिळवण्याची अट घाला आणि अभ्यासक्रमाची फी महाविद्यालयाने द्यावी. संघासाठी शिकायला पाठवायचं आणि खर्च त्याच्याच खिशातून, हे बरोबर नाही. ज्याच्याकडे सी किंवा बी आहे त्याने आपलं लायसन्स मुदतीत आहे ना हेही दाखवावं, कारण ही लायसन्स आयुष्यभराची नसतात. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र मात्र सर्वांकडून मागा. डोक्याला मार लागलेल्या मुलाला तो ‘ठीक आहे’ म्हणतो म्हणून परत मैदानात पाठवणं, ही आपल्याकडची सर्वात धोकादायक सवय आहे.

नेमणुकीच्या पायऱ्या

1. जाणाऱ्या मुख्य प्रशिक्षकांचा राजीनामा किंवा मुदत संपल्याचा कागद फाइलला लावा. दोन जण एकाच वेळी मुख्य राहता कामा नयेत.
2. जिमखाना समितीची बैठक घ्या, संचालकांचं मत नोंदवा आणि शिफारस इतिवृत्तात लिहा. शिफारशीचं कारण दोन ओळींत का होईना, पण लिहाच.
3. मानधनाची तरतूद महाविद्यालय विकास समितीपुढे न्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 2016 च्या कलम 97 नुसार ही समिती असते आणि अंदाजपत्रक तिच्यापुढे येतं. खर्च जिमखाना शुल्कातून की संस्थेच्या निधीतून, ते तिथेच ठरू द्या.
4. जाहिरात कायद्याने सक्तीची नसली तरी सूचनाफलकावर आणि महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर आठवडाभर सूचना लावा. दुसरा लायक उमेदवार असेल तर तो पुढे येईल. नसेल तर तुमच्या सहायकावर वशिल्याचा शिक्का बसणार नाही.
5. प्राचार्यांच्या सहीने नेमणूकपत्र द्या आणि स्वीकृतीची सही घ्या.
6. किट, चेंडू, जाळ्या, प्रथमोपचार पेटी यांची डेड स्टॉक रजिस्टरप्रमाणे मोजदाद करून ताबा द्या.

मोसम तोंडावर असेल तर तीन ते सहा या पायऱ्या एका आठवड्यातही होतात. दुसरी पायरी मात्र कधीच गाळू नका.

पत्रात काय असलंच पाहिजे

- नेमणुकीची तारीख आणि मुदत. एका शैक्षणिक वर्षापेक्षा दोन वर्षं बरी. पहिलं वर्ष संघ समजून घेण्यातच जातं.
- मानधन, ते कोणत्या तारखेला आणि बँकेत जमा होईल, सुट्टीच्या महिन्यांत मिळेल की नाही.
- प्रवासभत्ता आणि स्पर्धेच्या दिवसांचा दैनिक भत्ता.
- अंतिम संघ आणि खेळणारे अकरा जण निवडण्याचा अधिकार कोणाचा. तो मुख्य प्रशिक्षकाचाच असावा आणि तसं स्पष्ट लिहिलेलं असावं. पात्रता तपासण्याचा अधिकार संचालकांकडे राहू द्या.
- नवा सहायक कोण आणि तो कोणाला उत्तरदायी.
- मूल्यमापन कशावर होईल. केवळ करंडकावर नको. सरावाची हजेरी, विभागीय संघात गेलेली मुलं, दुखापतींची नोंद आणि मुलांचे निकालही बघा.
- दोन्ही बाजूंना किती दिवसांची नोटीस.

मैदानाचाही उल्लेख करा. स्वतःचं मैदान नसलेली महाविद्यालयं वाडिया पार्कसारख्या ठिकाणी किंवा दुसऱ्या संस्थेच्या मैदानावर सराव करतात. वेळ आरक्षित करायची आणि भाडं भरायची जबाबदारी प्रशिक्षकाच्या गळ्यात पडता कामा नये.

‘हंगामी’ या शब्दाला मुदत लावा

घाईत बरेच प्राचार्य हंगामी मुख्य प्रशिक्षक म्हणून पत्र देतात. त्यात गैर काही नाही, पण ते कधी संपणार हे लिहिलेलं नसतं. गोव्याचे क्लिफर्ड मिरांडा 2023 मध्ये ओडिशा एफसीत सहायक होते. मोसमाच्या अखेरीस त्यांच्याकडे संघ हंगामी म्हणून आला. 25 एप्रिल 2023 रोजी कोझिकोडला बंगळुरू एफसीला 2-1 हरवून त्यांनी सुपर कप जिंकला. पुढच्या मोसमात मात्र मुख्य प्रशिक्षक म्हणून सर्जिओ लोबेरा आले. व्यावसायिक क्लबचे निर्णय तसे होतात आणि मिरांडा यांची कारकीर्द त्यामुळे थांबली नाही. पण तुमच्याकडच्या माणसाला, जो कदाचित सकाळी संघ आणि दिवसभर दुसरी नोकरी सांभाळतो, हंगामी म्हणजे किती दिवस आणि त्यानंतर काय, हे आधी कळलं पाहिजे. ‘आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा संपल्यापासून तीस दिवसांत निर्णय लेखी कळवू’ एवढं एक वाक्य पुरतं. हंगामी काळात मानधन मात्र मुख्य पदाचं द्या.

जिथे काम बिघडतं

जुने सर. निवृत्तीनंतरही ते रोज संध्याकाळी मैदानावर येतात, कडेने सूचना देतात, आणि मुलं गोंधळतात की ऐकायचं कोणाचं. त्यांचा मान ठेवा, सल्लागार म्हणून बोलवा, पण सरावाच्या वेळी नको. हे नव्या प्रशिक्षकाने त्यांना सांगणं अवघड आहे. प्राचार्यांनी सांगावं.

सामन्यातली जबाबदारी. 2019 पासून पंच प्रशिक्षकांनाही पिवळं किंवा लाल कार्ड दाखवू शकतात. बाकावरून कोणी गैरवर्तन केलं आणि तो कोण ते पंचांना कळलं नाही, तर शिक्षा तिथे हजर असलेल्या वरिष्ठ प्रशिक्षकाला होते. म्हणून बाकावर कोण बसणार हे नव्या मुख्य प्रशिक्षकानेच ठरवावं. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या ओळखीची माणसं तिथे नकोत.

विभागीय निवड. तुमचा प्रशिक्षक विभागाच्या निवड समितीत बसणार असेल तर स्वतःच्या खेळाडूच्या वेळी त्याने बाजूला राहावं. त्याचा खेळाडू खरोखर चांगला असेल तर बाकीचे सदस्य त्याला घेतीलच.

मुलींचा संघ. पुरुष प्रशिक्षक असेल तर प्रत्येक दौऱ्यात महिला व्यवस्थापक सोबत पाठवा. महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन संघाच्या गटात टाका. लैंगिक छळाची तक्रार विद्यार्थिनीही तिथे करू शकते, साधारण तीन महिन्यांच्या आत. कनिष्ठ महाविद्यालयातली बरीच मुलं 18 वर्षांखालची असतात, तिथे 2012 चा पॉक्सो कायदा लागू होतो. गैरप्रकाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा ठरतो. ‘संस्थेचं नाव जाईल’ म्हणून गप्प बसण्याला इथे जागा नाही, हे नव्या प्रशिक्षकाला पहिल्या दिवशी बसवून समजावा.

सहायकांनो, सही करण्याआधी

तुम्हाला संधी आली आहे याचा आनंद आहेच, पण आनंदात पत्र न वाचता सही करू नका. चार गोष्टी बिनसंकोच मागा: मुदत, मानधन, संघनिवडीचा अधिकार आणि एक सहायक. चौथी गोष्ट बरेच जण मागत नाहीत. मग मुख्य झाल्यावरही कोन तेच मांडतात, हजेरी तेच घेतात आणि सामन्याचा विचार करायला वेळ उरत नाही.

मानधन रोखीने घेऊ नका. टीडीएस कापला तर त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या, म्हणजे विवरणपत्र भरताना ती रक्कम तुमच्या नावे धरता येईल. कामाची छोटी वही ठेवा: सरावाच्या तारखा, हजेरी, सामने, दुखापती. मुदतवाढीच्या वेळी किंवा वाद झाला तर तीच तुमच्या बाजूने बोलेल.

कायद्याचं संरक्षण किती, तेही जाणून घ्या. सेवेतून काढणं किंवा पदावनती याविरुद्ध विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणात जाण्याची सोय प्रामुख्याने नियमित कर्मचाऱ्यांसाठी आहे. मानधनावरच्या प्रशिक्षकाला नेमणूकपत्रातल्या अटींचाच मुख्य आधार असतो, म्हणून पत्र पक्कं हवं. निर्णय कसा झाला हे जाणून घेण्याचा मार्ग मात्र तुम्हाला खुला आहे. सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य घेणाऱ्या महाविद्यालयांना माहितीचा अधिकार लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. दहा रुपये फी भरून जिमखाना समितीचं इतिवृत्त मागता येतं आणि तीस दिवसांत उत्तर यावं लागतं. पण आधी प्राचार्यांकडे साधं पत्र देऊन पाहा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच कागद मिळतो आणि संबंधही बिघडत नाहीत.

निवड झाली नाही तर

बाहेरचा माणूस आणायचं ठरलं असेल तर सहायकाला ते प्राचार्यांनी स्वतः बोलावून, सूचनाफलकाच्या आधी सांगावं. कारणही सांगावं: लायसन्स कमी पडलं, सामन्यातले निर्णय कमी पडले, जे असेल ते. पुढच्या वेळी विचार व्हावा यासाठी त्यांनी काय करायचं, हे त्याच बैठकीत ठरवा आणि शक्य असेल तर विफाच्या पुढच्या अभ्यासक्रमाला त्यांना पाठवा.

सहायकांनी नव्या मुख्य प्रशिक्षकाबरोबर एक मोसम काम करून पाहायला हरकत नाही, पण ‘माझी मुलं’ म्हणून वेगळा गट करू नये. नाहीच पटलं तर मोसम संपल्यावर नोटीस देऊन निघा. मधेच निघालात तर नुकसान बाकावरच्या त्या मुलांचं होतं, ज्यांचं हे शेवटचं वर्ष आहे. निघताना कामाचं अनुभवपत्र मागून घ्या. त्यात संघाचं नाव, कालावधी आणि तुम्ही सांभाळलेली जबाबदारी नेमकी लिहून घ्या, कारण शेजारच्या तालुक्यातलं एखादं कॉलेजही मुख्य प्रशिक्षक शोधत असतं.